तुझी आई आणि रस्त्याखालची नळी

प्रिय ठकू,

पत्र पाहून घाबरू नकोस. आम्ही दोघं ठणठणीत आहोत. घरात फोन असताना बाबा पत्र का लिहितात, असं तू विचारशीलच. एक तर फोनवर मी दोन वाक्यं बोललो की तू "बाबा, आईला द्या ना" म्हणतेस. ही तक्रार नाही हं, मला सवय आहे. आपल्या शिवणाच्या दुकानात बायका माप मला द्यायच्या आणि गळा किती खोल हवा ते आत जाऊन तुझ्या आईला सांगायच्या. दुसरं म्हणजे फोन वाजला की तुझी आई शेजारीच असते, आणि मला जे सांगायचंय ते सगळं तिच्याविषयीच आहे. तिच्यासमोर तिचं कौतुक करायला लागलो, तर ती मला उठवून बाजारात पाठवते. आत्ता ती कामावर गेली आहे, तिचा डबा द्यायला निघायला वेळ आहे, म्हणून शिवणयंत्राच्या फळीवर कागद ठेवून लिहितो आहे. अक्षर हललेलं दिसेल, ते फळीमुळे.

गेल्या महिन्यात तू आईला विचारलंस, पिटुकलीला सांभाळायला वर्षभर येशील का, म्हणजे मला प्रयोगशाळेत परत रुजू होता येईल. तिने पापणी लवायच्या आत सांगितलं, "येते की, त्यात विचारायचं काय?" तुला तेवढंच ऐकू गेलं. पुढचं मी पाहिलं. तिने फोन ठेवला. फोनशेजारी तिने दुरुस्तीला आणलेल्या तारेचं एक भेंडोळं होतं, ते उगाच सोडलं, पुन्हा गुंडाळलं, आणि म्हणाली, "तेवढी ती नळी मोकळी करते आणि मग सुटते." मी बरं म्हटलं. आता ती नळी म्हणजे काय, हे तुला आम्ही कोणी कधी सांगितलंच नाही. तुझी आई फोनवर बाळाने किती दूध प्यायलं ते विचारते, स्वतःच्या कामाचं काही बोलत नाही. म्हणून मीच सांगायला बसलोय. मला त्यातलं समजतं असं नाही, पण मी तिथे होतो, आणि दोरीचं एक टोक बराच वेळ माझ्या हातात होतं.

तिचं रुग्णालय तू पाहिलंयस, पण जुनी इमारत. आता रस्त्याच्या पलीकडे नवी बांधली आहे, फक्त मुलांची. पलंग आले, पडदे लागले (पडदे मीच शिवले, गिऱ्हाईक म्हणून तुझी आई फार वाईट), भिंतीवर हत्ती-ससे काढून झाले, पण वॉर्ड सुरू होईना. कारण प्रत्येक पलंगापाशी एक घंटेचं बटण आहे. मुलाने किंवा त्याच्या आईने ते दाबलं की जुन्या इमारतीत डॉक्टरांच्या खोलीत दिवा लागायला हवा. ती तार, फोनच्या तारा, संगणकाच्या तारा, सगळ्यांचा मिळून मनगटाएवढा जाड जुडगा रस्त्याखालून जायचा होता. त्यासाठी इमारत बांधतानाच जमिनीत एक नळी पुरून ठेवलेली. ते लोक तिला डक्ट म्हणतात. जुन्या इमारतीच्या तळघरात एक तोंड, नव्या इमारतीबाहेर बागेच्या कडेला लोखंडी झाकणाखाली दुसरं तोंड. आत एक दोरी आधीच सोडून ठेवलेली असते. तिला केबल बांधायची आणि पलीकडून ओढून घ्यायची, आपण नाडी घालतो तसंच. दोरी ओढली तर ती अर्धीच हातात आली, तुटकी. नळी कुठेतरी तुंबली होती.

ठेकेदार म्हणाला, रस्ता खणू. पण त्याच रस्त्याने रुग्णवाहिका येतात. तो बंद केला तर अपघाताच्या रुग्णाला मागच्या गल्लीतून वळसा घालून आणायचं. वरून तार टाकायला मोठ्या बाईंनी, म्हणजे रुग्णालयाच्या प्रमुख डॉक्टरांनी, साफ नकार दिला. वाऱ्यावर लोंबकळणाऱ्या तारेवर मी आजारी मुलं ठेवणार नाही, म्हणाल्या. बिनतारी घंटाही लावून पाहिल्या, पण त्या जाड भिंतींत मधेच मुक्या होत. तेव्हा तुझी आई म्हणाली, खणण्याआधी मला एक आठवडा द्या. तिला तो दिला, कारण त्या रुग्णालयात गेली कितीतरी वर्षं जिथे फोन वाजतो, तिथे तो तिच्यामुळे वाजतो. तू शाळेत वरच्या वर्गात गेलीस तेव्हा ती तिथे लागली, आठवतं? लग्नाआधी शिकलेलं सगळं विसरले असेन म्हणत होती. पहिल्या पगारातून तिने मला कात्री घेऊन दिली आणि स्वतःला पकड घेतली. ती पकड अजून तिच्या पिशवीत असते, मला हातही लावू देत नाही.

तर पहिल्या दिवशी तिने नळीत रॉड घातला. रॉड म्हणजे बोटाएवढा जाड, वाकणारा, मोठ्या चाकावर गुंडाळलेला असतो आणि सोडत गेलं की आत सरकत जातो. वेळ वाचावा म्हणून तळघरातून तिने घातला आणि बागेकडून तिच्या जोडीला असलेल्या मिशीकाकांनी दुसरा घातला. मिशीकाका म्हणजे रुग्णालयातले जुने वायरमन. ह्या माणसाच्या मिशा आधी खोलीत येतात आणि मागून ते येतात. दोघांचे रॉड सुरेख सरकले आणि मग दोघांचेही अडले. कितीही जोर लावला तरी पुढे जाईनात. दोघांनी आपापला रॉड किती आत गेला त्यावर खूण केली, बाहेर काढून मोजला, आणि दोन्ही मापं जुळवली. घोडं कुठे अडलंय ते अगदी बोट ठेवून दाखवता येईल असं सापडलं. रस्त्याच्या बरोबर मधोमध. मिशीकाकांनी तिथे खडूने मोठी फुली मारली. ठेकेदार लगेच खणायचं यंत्र सांगायला गेला, आणि रस्ता बंद राहील अशी पाटी रंगवायला टाकली गेली.

संध्याकाळी जेवताना ती पडलेल्या चेहऱ्याने हे सांगत होती. मी आपली तिची कळी खुलवायला म्हणून विचारलं, दोन तुकड्यांची बेरीज नळीच्या लांबीएवढी भरली का? ती म्हणाली, तंतोतंत, बोटभरही फरक नाही. मी म्हटलं, "मग शिवणीला कापड कुठे ठेवलंस?" विनोदच केला होता गं मी. दोन तुकडे जोडायचे तर शिवणीत थोडं कापड जातंच, असा आमचा दुकानातला हिशेब. तिने हातातला घास ताटात ठेवला. म्हणाली, "अडलेल्या वस्तूला काही जाडी असेल की नाही?" आणि मग कपाळावर हात मारून इतकी हसायला लागली की तिला ठसका लागला, मला उठून पाणी द्यावं लागलं. "अहो, आम्ही एकमेकांनाच ढकलत होतो! मी मिशीकाकांचा रॉड ढकलतेय, ते माझा ढकलताहेत, आणि दोघंही म्हणतोय की पुढे पक्का दगड आहे!" शेजारच्या वहिनी काय झालं म्हणून दाराशी आल्या, एवढं हसली.

मला वाटलं, आता ही उद्या जाऊन गुपचूप फुली पुसून टाकेल. कोण सांगणार होतं? पण सकाळी ती सगळ्यांच्या आधी पोचली आणि मोठ्या बाई, ठेकेदार, सगळे जमल्यावर म्हणाली, तिथे काहीच नाही, रॉडला रॉड लागला होता, एकाने काढायचा आणि दुसऱ्याने घालायचा हे मी सांगायला हवं होतं, चूक माझी. झालं. आवाज चढला नाही की उतरला नाही. मिशीकाकांचं नावसुद्धा घेतलं नाही. ठकू, मी आयुष्यभर कापडं कापली. एखादी बाही उलटी बसली की माझा दोष कधी कात्रीचा, कधी उजेडाचा, कधी गिऱ्हाइकाच्या खांद्याचा. ही बाई माणसांनी भरलेल्या रस्त्यावर उभी राहून इतक्या सहज चुकले म्हणते, आणि वर स्वतःच हसते. ठेकेदार तोंड उघडूनच आला होता, तोही खणायचं यंत्र थांबवायला निघाला.

मग एकट्या तिचा रॉड घातला, आणि तो सरसर बागेपाशी बाहेर आला. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. रॉडला दोरी बांधून आणली, दोरीला केबल बांधली, ओढायला सुरुवात केली. रस्ता ओलांडेपर्यंत केबल गेली आणि बागेच्या अलीकडे रुतून बसली. रॉड बोटाएवढा, तो कडेने निसटून गेला होता. मनगटाएवढी केबल जाईना. म्हणजे आत काहीतरी होतंच, फक्त नळीची थोडी जागा मोकळी सोडून बसलं होतं. ठेकेदाराच्या चेहऱ्यावर पुन्हा तेज आलं. तुझ्या आईने केबल मागे ओढून घेतली, पण दोरी आत ठेवली, आणि घरी येऊन मला म्हणाली, "अहो, तुमची जुनी जीनची पँट कुठाय?" ठकू, ती पँट मी जपून ठेवली होती. तुझ्या जन्माच्या वेळची आहे. आता नाही.

तिला हवे होते कापडाचे बोळे. आत चिंध्या ठासून भरलेले, बाहेरून जाड कापड, एक बारीक, दुसरा जरा मोठा, तिसरा त्याहून मोठा. दोरीला बांधून नळीतून इकडून तिकडे ओढायचे, म्हणजे गाळ थोडा थोडा सुटून येतो. मी पहिला बोळा शिवून मोठ्या ऐटीत दाखवला. तिने तो उलटसुलट केला आणि परत दिला. एका बाजूलाच दोरी ओवायचा फासा होता. "मागून दोरी बांधायला जागा नाही. हा आत अडकला तर परत ओढायचा कशाने? तुम्ही जाणार का आत?" मग मी दोन्ही टोकांना दुहेरी शिवण मारून फासे लावले. तिने दोन्हीकडून हिसके देऊन पाहिलं आणि "बरं आहे" म्हणाली. तुझ्या आईच्या तोंडून "बरं आहे" म्हणजे काय, हे तुला वेगळं सांगायला नको. पहिलीत तुझा पहिला नंबर आला तेव्हा तुलाही एवढंच मिळालं होतं.

आणि मग मीही कामाला लागलो. डबा घेऊन गेलो होतो, तर म्हणाली, एक माणूस कमी आहे, तळघरात बसा आणि दोरी धरा. बागेकडे ती आणि मिशीकाका, तळघरात मी. तिथे मोबाइलला रेंज नाही, म्हणून आमचं बोलणं दोरीवरून. तिने एक हिसका दिला की थांबायचं, दोन दिले की सोडायचं, तीन दिले की ओढायचं. बोळा तिच्याकडे जायचा, माझ्याकडे यायचा, आणि प्रत्येक वेळी चहासारखं पाणी आणि वाळू घेऊन यायचा. ती मधूनमधून नळीत पाणी सोडून गाळ भिजू द्यायची, मग पुन्हा तेच. मला वाटलं होतं कंटाळा येईल. पण तुला गंमत सांगतो. त्या दोरीतून मला तिचा हात कळत होता. बोळा कुठेतरी रुतला की ती जोर लावत नव्हती. जरा मागे घ्यायची, जरा वाट बघायची, पुन्हा पुढे. मिशीकाकांच्या हातात दोरी गेली की लगेच कळायचं, तो गडी हिसडायचा. मग दोरी पुन्हा शांत व्हायची, म्हणजे तिने घेतली. इतकी वर्षं एका घरात राहिलो, पण ती काम कसं करते ते मी पहिल्यांदा पाहत होतो, आणि तेही रस्त्यापलीकडून, मातीखालून. मी तिथे स्टुलावर बसून, हातभर चिखलात, फार खूश होतो. हे कोणाला सांगू नकोस, जावईबापूंना तर मुळीच नको.

असे दोन-तीन दिवस गेले. आठवडा संपत आला होता. पाटी रंगवून तयार होती, ती भिंतीला टेकवून ठेवलेली, म्हणजे येता-जाता दिसायची. सगळ्यात मोठा बोळा एका जागी येऊन थांबायचा म्हणजे थांबायचाच. शेवटच्या दिवशी दुपारी दोरीवर तीन हिसके आले, मी ओढला, मग दोन आले, मी सोडला, मग पुन्हा तीन, पुन्हा दोन, किती वेळ कोण जाणे. आणि एकदम माझ्या हातातली दोरी हलकी होऊन सरसर पळायला लागली. रस्त्यापलीकडून तिचा आवाज तळघराच्या खिडकीतून आला. तुझी आई ओरडली! ह्या बाईने तुझ्या लग्नातही आवाज चढवला नव्हता. मी स्टूल पाडून धावत गेलो.

बागेतल्या झाकणाखालच्या खड्ड्यापाशी सगळे वाकून बघत होते. बोळ्याच्या पुढे चिखलाचा एक गोळा बाहेर आला होता, आणि तुझ्या आईने पाणी ओतल्यावर त्यातून एक हातमोजा निघाला. कामगार घालतात तसला, कातडी. त्याच्या पहिल्या बोटाचं टोक कापलेलं होतं. मिशीकाका आपल्या मोज्यांचं ते टोक नेहमी कापतात, बारीक स्क्रू पकडता यावा म्हणून, आणि हे अख्ख्या रुग्णालयाला माहीत आहे. नळी नवी पुरली तेव्हा तिच्या उघड्या तोंडात माती जाऊ नये म्हणून त्यांनीच मोजा बोळा करून खुपसला होता. पुढे कोणीतरी नळीचा दुसरा तुकडा तसाच जोडून टाकला आणि मोजा आत सरकला. नळी तुंबू नये म्हणून लावलेल्या मोज्यानेच ती तुंबली. तुझ्या आईने तो पाहिला, ओळखला, आणि बादलीत टाकून वर चिंधी टाकली. पण मिशीकाकांनीच बादलीत हात घातला. मोजा वर धरला आणि ठेकेदाराकडे, मोठ्या बाईंकडे बघून म्हणाले, "माझाय. मीच घातला होता आणि विसरलो." आठवड्यापूर्वी ह्याच रस्त्यावर तुझी आई चुकले म्हणाली नसती, तर तो माणूस हे बोलला असता असं मला वाटत नाही. आणि तुझी आई लगेच म्हणाली, मोजा होता म्हणून नळीत शिरलेली खडी त्याच्यामागेच थोपून राहिली, ती पसरली असती तर रस्ता खणल्यावाचून गत्यंतर नव्हतं. हे खरं होतं की त्यांना बरं वाटावं म्हणून होतं, ते मी अजून विचारलेलं नाही.

मग केबल. साबणाच्या पाण्याने माखून तिला नळीत घातली, आणि ओढायला जो तो पुढे. मिशीकाका, ठेकेदार स्वतः, मोठ्या बाईंचा ड्रायव्हर, दोन नर्सबाई. तुझी आई नळीच्या तोंडाशी उकिडवी बसून केबलवर हात ठेवून होती आणि फक्त "हं… हं… थांबा… हं" करत होती. जुडगा एकदाचा बाहेर आला तेव्हा टाळ्या वाजल्या. ती टाळ्यांकडे बघेचना. केबलबरोबर तिने एक नवी कोरी दोरी ओढून घेतली होती, तिची दोन्ही टोकं दोन्हीकडे नीट बांधत बसली. मी विचारलं, आता कशाला? म्हणाली, ही पद्धत आहे, पुढे ज्याला तार घालायची असेल त्याला दोरी तयार हवी. मी सहज म्हटलं, पुढेही तूच घालशील की. ती गाठ आवळत म्हणाली, "मी कुठे असणार? कोणीतरी येईल." मी साबणाची बादली उचलली.

गेल्या आठवड्यात वॉर्ड सुरू झाला. पहिलं मूल आलं ते एक चिमुरडं, पाय प्लास्टरमध्ये. त्याला ते बटण सापडलं आणि त्याने सपाटाच लावला. जुन्या इमारतीत दिवा लागतोय, विझतोय, लागतोय. डॉक्टर धावत गेले, तर हा पठ्ठ्या म्हणतो, काही नाही, येतात का ते बघत होतो. डॉक्टर वैतागले. तुझी आई मात्र त्या दिव्याखाली उभी राहून तो लागताना बघत होती. मी डबा घेऊन तिथे उभा होतो आणि तिच्याकडे बघत होतो. मला ती फार सुंदर दिसली, ठकू. बापाने मुलीला असं लिहावं की नाही मला कळत नाही, पण लिहिलं.

त्याच दिवशी मोठ्या बाईंनी तिला बोलावलं. दोन्ही इमारतींचं तारांचं सगळं काम तुमच्याकडे, हाताखाली माणसं, स्वतंत्र खोली, तुम्ही म्हणाल तशी मांडणी. मी दाराबाहेरच होतो, दार लोटलेलं नव्हतं. तुझी आई म्हणाली, "माझ्या मुलीला माझी गरज आहे, मी महिनाअखेर सोडतेय." आवाजात खंत नाही, उपकार नाही, काही नाही. तुला फोनवर म्हणाली ना, "येते की", तस्सा आवाज. बाहेर येऊन मला म्हणाली, डब्यात मीठ जरा कमी होतं. आता ती रोज मिशीकाकांना एकेक तार समजावून देते आहे, प्रत्येकीला कापडी चिठ्ठी बांधते आहे, म्हणजे ती गेल्यावर कोणाचं अडू नये. चिठ्ठ्या मीच कापून देतो. काल एक चिठ्ठी तिरकी कापली गेली तर मला परत पाठवलं.

आता तू विचारशील, मग हे मला का सांगता, मी तिला ओढून नेतेय का? नाही गं. तुझीही नोकरी आहे, ती सुटली तर पुन्हा मिळायची नाही, हे मला ठाऊक आहे, आणि तू ती सोडावीस असं माझ्या मनातही नाही. बाळंतपणात तुला आई हवी होती, तेव्हा ती आली होती आणि तेच योग्य होतं. पण आता पिटुकलीला हवंय ते न कंटाळता दिवसभर तिच्याजवळ बसणारं माणूस. असं एक माणूस आपल्या घरात आहे, दुकान विकून रिकामं बसलेलं, आणि त्याचा विचार कोणी केला नाही, त्याने स्वतःसुद्धा नाही. म्हणून मी येतो. हसू नकोस. मी रोज डबा देऊन झाला की जुन्या इमारतीतल्या बाळंतिणींच्या वॉर्डात जातो. तिथल्या सिस्टरबाईंनी मला बाळाला अंघोळ घालायला शिकवलंय, मानेखाली हात कसा धरायचा, ढेकर कशी काढायची, पाणी किती कोमट. दुपटी मी कोणापेक्षाही चांगली बदलतो, घड्या घालायचं काम मी जन्मभर केलंय. सिस्टरबाई कालच म्हणाल्या, तुम्हाला नोकरीवर ठेवून घेऊ का. तुझ्या आईला ह्यातलं काही ठाऊक नाही, तिला वाटतं मी बाहेर बाकावर चहा पितो. हे मीच तिला सांगितलं तर ती मान डोलवेल आणि तरी तुझ्याकडेच येईल, कारण तू मागितलंस आणि तिने हो म्हटलं. ते हो तिला फक्त तूच परत देऊ शकतेस. तेव्हा तिला फोन कर, मला नको, आणि म्हण की आई, तू नको येऊस, बाबांना पाठव. तुला अगदी आईच हवी असेल तर तसं स्पष्ट कळव. मी तोंडातून शब्द काढणार नाही आणि तिची बॅग मीच भरून देईन. पण तसं नसेल, तर तिकीट माझ्या नावाचं काढ.

तुझाच, अजून कुणी न बोलावलेला,
बाबा